बिनसिलिकॉनचे चार वाफे

आमच्या घरात विज्ञानयुग माझ्या वडिलांनी आणलं, हे मी कुठल्याही व्यासपीठावर सांगायला तयार आहे. ते एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आलं, चाळीस पोत्यांत भरून, आणि उतरवताना त्यातली दोन पोती फुटल्यामुळे पहिल्याच दिवशी आईनं वाळत घातलेली सगळी धुणी काळी झाली. पोत्यांत भाताच्या तुसाची राख होती. भंडाऱ्याकडच्या भातगिरण्यांत तूस जाळल्यावर जी उरते ती. बाबा अंजनगावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत आणि गाव त्यांना ‘सर’ म्हणे. त्या राखेत सिलिकॉन आहे, हे ते आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. पोस्टमनला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं. शेवटी कमळाआत्याची पाळी आली.

कमळाआत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि आजोबांच्या मागे पानमळा जिनं एकटीनं सांभाळला ती. मळा कागदावर बाबांच्या नावाचा होता. वेलींना याची कल्पना नसावी, कारण त्या आत्याचंच ऐकत. बाबांचं सगळं व्याख्यान तिनं अंबाडी निवडत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मास्तर, राख तं आपला बाप बी टाकत होता. फक्त तो भाषन नव्हता देत.”

“बाई, ती चुलीतली राख. ही तुसाची आहे. हिच्यात सिलिकॉन आहे.”

“असन बापा. मळ्यात टाक, धुन्यावर नको टाकू.”

मळा गावाच्या उत्तरेला, जिथून सातपुडा निळ्या रेघेसारखा दिसतो त्या बाजूला. आत शिरलं की बाहेरचा उजेड एकदम मागे राहायचा. शेवरी आणि हदग्याच्या झाडांवर चढवलेल्या नागवेली, पायाखाली सदा ओली माती, आणि सगळीकडून येणारा तो तिखटसर हिरवा वास. आवाज दोनच: विहिरीवरच्या मोटरची घरघर आणि पानं खुडताना होणारी बारीक टचटच. खुडणारे अंगठ्याला पत्र्याची नखी लावत. नागवेल फार नाजूक. तिला ऊन चालत नाही, वारा चालत नाही, साचलेलं पाणी चालत नाही, कोरडी माती चालत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत पुण्याचे एक काका सोडले तर इतक्या अटी कोणाच्याच नव्हत्या.

वेलीच्या अटींवर माणसांनी स्वतःच्या दोन घातल्या होत्या. पहिली, फाटकाशी चपला काढायच्या. मळा म्हणजे देऊळ, त्यामुळे कलेक्टर आला तरी अनवाणी. दुसरी, घरातल्या बाईनं महिन्याचे पाच दिवस मळ्यात पाऊल टाकायचं नाही. सावली पडली तरी वेल जळते, असं सांगितलं जाई. माझी आई अकोल्याची, वकिलाची मुलगी. तिनं या नियमाचा असा उपयोग करून घेतला की पाच काय, तीसही दिवस ती तिकडे फिरकली नाही. मी मात्र मळ्यातच वाढलेली. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरवर एकादश्या आणि चतुर्थ्या छापलेल्या असत, आणि आत्या त्यांत आपल्या हातानं काजळाचे टिपके घाली. आईचे गोल, माझे जरा लांबट. मळ्यात कोण कधी जाणार नाही, ते त्यावर ठरे. घरी येणारा प्रत्येक पुरुष ते कॅलेंडर पाही आणि टिपके दिसतच नसल्यासारखा तिथी विचारी.

बाबा बाहेर अंधश्रद्धेवर बोलत. चांगलं बोलत. घरी आल्यावर टिपक्यांबद्दल ते काही बोलत नसत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, “घरात शांतता असली की बाहेर लढता येतं.” सतरा वर्षांच्या मुलीला हे वाक्य जितकं पटायला हवं तितकंच पटलं.

सिलिकॉनचं वेड मात्र खरं होतं आणि त्यामागचं कारणही चांगलं होतं. मळ्यात पावसाळ्यात मर येते. जमिनीतली बुरशी मुळाशी धरते आणि चार दिवसांत वेल खलास. तिच्यासाठी सगळे मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारत, त्याच्या जोडीला दुकानदार देईल ते औषध. बाबांचं म्हणणं असं की पान माणूस कच्चं खातो, लहान पोरगं आजोबांच्या तोंडातलं मागून खातं, तेव्हा त्यावर विष जितकं कमी तितकं बरं. सिलिकॉन रोगाला मारत नाही. झाड ते मुळांवाटे पाण्याबरोबर घेतं आणि सालीत, पानात साठवतं. त्यानं कातडी टणक होते आणि बुरशीला आत घुसायला जड जातं. भाताचं किंवा उसाचं पान हाताला कापतं ते त्याच्यामुळेच. नागवेल त्या मानानं अल्पाहारी, भातासारखं पोटभर सिलिकॉन ती खात नाही, हे मला आता माहीत आहे, कारण आता मी अकोल्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. तेव्हा ते बाबांनाही नीट माहीत नव्हतं. राखेच्या जोडीला अकोल्याच्या एका प्राध्यापकांनी त्यांना पोटॅशियम सिलिकेटचा एक कॅन दिला होता. पाकासारखं पातळ, बोटाला साबणासारखं बुळबुळीत. ते भरपूर पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा मुळाशी ओतायचं.

मळ्याच्या एका अंगाचे आठ वाफे बाबांनी प्रयोगाला घेतले. विहिरीकडच्या एक ते चार वाफ्यांना सिलिकॉन, धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, पाच ते आठ वाफ्यांना काही नाही. खरं तर वाफे एकाआड एक घ्यायला हवे होते. पण पोती विहिरीजवळ उतरवली होती आणि विज्ञानालाही पाठ असते, ती दुखते. नोंदी ठेवायचं काम माझं. दोनशे पानी वही, लाल पुठ्ठ्याची. रोज दुपारी प्रत्येक वाफ्यातल्या ठरावीक दहा वेलींची नवी पानं मोजायची, देठ आणि बुंधा पाहायचा आणि तारखेसमोर लिहायचं. मला ते इतकं आवडे की मी दप्तरातला भूगोल काढून त्या जागी ती वही ठेवली होती. त्रास एकच. महिन्यातून पाच दिवस वहीत रकाने कोरे राहत. बाबांना शाळा, आत्याला आकडे लिहायचा कंटाळा, आणि मला बंदी. कोरा रकाना पाहिला की मला दात पडल्यासारखं वाटे.

त्या श्रावणात मर आली ती आधी गफूरचाचांच्या मळ्यात. त्यांचा मळा आमच्या धुऱ्यापलीकडे. गफूरचाचा पानाचे व्यापारीही होते. आमच्या करंड्या त्यांच्यामार्फत बाहेर जात. त्यांची मुलगी नसीम माझ्या वर्गात. एके दिवशी शाळेतून येताना ती म्हणाली, “चल, दाखवते. अब्बा सकाळपासून बोलले नाही.” आम्ही गेलो. दहा-बारा ओळी जागच्या जागी माना टाकून उभ्या होत्या, ओल्या फडक्यासारख्या. बुंधे काळे पडलेले. चाचा एकेक वेल उपटत होते, आणि ओढली की तिची साल हातात निसटून येत होती. फुलदाणीतलं पाणी महिनाभर बदललं नाही तर येतो तसा वास. तिथं कोणी चपला काढल्या नव्हत्या. त्या भागात शेवरीचे खुंट आणि काटे पसरले होते, आणि मेलेल्या मळ्याला कसला आला नियम. मीही माझ्या चपलांनिशी त्या चिखलात पंधरा मिनिटं उभी राहिले. चाचांनी मान वर करून पाहिलं आणि इतकंच म्हणाले, “घर जा बेटा. ये देखने की चीज नही है.”

तो माझ्या टिपक्यांचा दुसरा दिवस होता.

घरी जायचा रस्ता धुऱ्यावरूनच. धुऱ्याला लागून आमचे बिनसिलिकॉनचे चार वाफे. दुपारची वेळ, आत्या बाजारात गेलेली, मजूर जेवायला. दप्तरात वही. चाचांच्या मळ्यात रोग आलेला असताना आपल्या वहीत नेमका आजचा रकाना कोरा राहणार, हे मला सहन होईना. आणि खरं सांगायचं तर नुसती वही नव्हती. बाबांना जे धाडस घरात होत नव्हतं ते आपण करतोय, असा एक डौलही होता त्यात. मी धुऱ्यावरून खाली उतरले. चपला काढायला वाकले आणि पुन्हा सरळ झाले. मला ते आजही जसंच्या तसं आठवतं. मनात आलं, नियम मोडायचाच तर अर्धा कशाला? एक मोडायचा आणि दुसरा पाळायचा, म्हणजे आपण घाबरलो असं होईल.

पाच, सहा, सात, आठ. चार वाफे मी चपलांनिशी फिरले. वेली मोजल्या, आकडे लिहिले. सिलिकॉनच्या चार नंबरच्या वाफ्याकडे वळणार तोच विहिरीकडून आत्याचा खोकला ऐकू आला. ती बाजारातून परस्पर मळ्यात आली होती. मी आले त्या वाटेनं पळाले. वहीत त्या तारखेसमोर चार रकाने भरलेले आणि चार कोरे राहिले.

अकराव्या दिवशी सहाव्या वाफ्यातली एक वेल वाकली. सकाळी आत्यानं हाक मारली ती साध्या आवाजात. तिचा आवाज साधा झाला की घरातले सगळे धावत. तिनं बुंध्याशी माती बाजूला केली, दोन बोटांनी देठ चिमटला आणि बोटं नाकाशी नेली. मग ती मातीतच बसली. मी तिच्यामागे उभी होते. मी माझ्या पायांकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात सातवा वाफा गेला, मग पाचवा, मग आठवा. विहिरीकडचे सिलिकॉनचे चार तसेच हिरवेगार उभे. 

“कोन आलं होतं मळ्यात?” आत्या प्रत्येकाला विचारत होती. मजुरांना विचारलं, ते दोन दिवस रुसून आले नाहीत. बाबांना विचारलं, पाय धुतले होते का म्हणून. एकदा तर तिनं धुऱ्यावर जाऊन मातीतल्या खुणा पाहिल्या, पण मधे पाऊस होऊन गेला होता. मला कोणीच विचारलं नाही. मला विचारायचं कारणच नव्हतं. कॅलेंडरप्रमाणे मी तिथं नव्हते. तिचेच टिपके माझे साक्षीदार झाले होते, आणि त्यांच्याइतका खोटा साक्षीदार मी नंतर कोर्टातही पाहिला नाही.

भीती दोन होत्या आणि त्या एकमेकींत मिसळत नव्हत्या. एक, आपण चपलांना लागलेल्या चिखलातून रोग आणला. याला पुस्तकातला आधार होता. मातीतली बुरशी मातीबरोबर जाते. दुसरी भीती जास्त वाईट होती. मी बोलले तर घरात कोणी चपलांचं नाव घेणार नाही. सगळे एवढंच म्हणतील की ही त्या दिवसांत गेली आणि वेल जळली. आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत सांगितलं जाईल. पुढची शंभर वर्षं मुलींना माझं उदाहरण देतील. आणि त्याहून आतली गोष्ट, जी मी स्वतःशीही पुरती बोलत नव्हते: बाबाही तसंच म्हणाले तर? मी भाकरी कुस्करून ताटातच ठेवत होते. त्या दिवसांत घरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि अंबाडीची भाजी होत असे, माझ्या सगळ्यांत आवडीची. आजही अंबाडीचा आंबट वास आला की पहिल्यांदा ती तारीख आठवते आणि मग भूक लागते.

आणि बाबा आनंदात होते. चार वाफे गेल्याचं दुःख त्यांना होतं, पण ते दुःख एका निष्कर्षाच्या खांद्यावर बसून आलं होतं. चाचांच्या आणि आमच्या मळ्याच्या मधे चर होता, पाणी इकडे येत नव्हतं. म्हणजे रोग आला तो हवेतून, सगळ्या वाफ्यांवर सारखाच, आणि सिलिकॉनपाशी येऊन थांबला. इतकी स्वच्छ मांडणी त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. तालुक्यात बातमी गेली. ‘सिलिकॉन शेतकरी मेळावा’ ठरला. मंडप, माईक, शाल, नारळ, प्रमुख पाहुणे. फ्लेक्स तेव्हा नवीनच आला होता. बारा फुटी फ्लेक्सवर हात जोडलेले बाबा आणि मागे भाताचं शेत, कारण छापणाऱ्याकडे पानमळ्याचा फोटो नव्हता. आणि या सगळ्याच्या मधोमध, मोठं करून, प्रयोगाच्या वहीचं ‘निर्णायक’ पान लावायचं होतं. ते कोणतं पान असेल हे मला वही उघडण्याआधीच कळलं. माझं अक्षर, ती तारीख, भरलेले चार रकाने आणि कोरे चार. त्या पानावर पाणी सांडल्याचं नाटक करावं, असंही मनात येऊन गेलं. आत्याला इंग्रजी आकडे वाचायला कंटाळा यायचा, पण तारीख ती कुठल्याही लिपीत ओळखायची. तो फ्लेक्स आणि ते कॅलेंडर यांच्यात पंधरा मिनिटांची वाट होती.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी गफूरचाचा आले. ओट्यावर बसले, बाबा समोर खुर्चीत, आत्या उंबऱ्याशी सूप घेऊन. मी चहा आणला. चाचा बराच वेळ बशीत फुंकर मारत राहिले आणि मग म्हणाले, “सर, एक विचारू? अर्धा मळा गेला. अर्धा अजून हिरवा हाय. कृषी सहायक म्हने, बिमारीच्या पुढच्या दोन ओळी हिरव्या असल्या तरी उपटा आन् जाळा, मधात कोनाले जाऊ देऊ नका. हिरवी वेल कशी उपटू? हात नाई चालत. तुमचं सिलिकान देल्लं तं राहतीन का त्या?”

“आमच्याकडं तर स्पष्ट आहे, चाचा. रोग सिलिकॉनच्या कडेला येऊन थांबला.”

“मतलब नको उपटू? मेरे कू सीधा बताओ सर. आप बोलोगे तो नही काटता.”

बाबांनी चष्मा काढला, पुसला. ते खोटं बोलणारे नव्हते. त्यांना जे दिसत होतं ते त्यांना खरंच दिसत होतं. “नका उपटू,” ते म्हणाले. “उद्याच राख पाठवतो.”

चाचांच्या चेहऱ्यावर असं काही हलकं झालं की मला ते पाहवेना. मी ट्रे खाली ठेवला. त्या दोन ओळी तशाच राहिल्या तर काय होईल हे ओट्यावरच्या चौघांत फक्त मला माहीत होतं.

“चाचा, उपटा,” मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याचं सूप थांबलं. “काहून व?”

“सिलिकॉननं नाही थांबला रोग. तिकडं गेलाच नव्हता. मी गेली होती धुऱ्याकडच्या वाफ्यांत. चाचांच्या मळ्यातून आली ना, तशीच. चपला घालून.”

“कवा?”

मी तारीख सांगितली. आत्यानं मान वळवून दारातून आत पाहिलं. कॅलेंडर तिथून दिसत होतं. गफूरचाचांनी नजर बशीत घातली आणि तिथंच ठेवली. इतका सभ्य माणूस मी फार थोडा पाहिला आहे.   मी बाबांकडे पाहत होते. आयुष्यात मला कोणाच्या तोंडाची इतकी भीती वाटलेली नाही.

बाबांनी चष्मा पुन्हा चढवला. “कोणत्या वाफ्यांतून?” ते म्हणाले.

“पाच, सहा, सात, आठ.”

“चारमधे?”

“नाही. आत्या खोकलली.”

“चपलेला चिखल होता?”

“होता.”

“किती?”

मी बोटानं दाखवलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, वही मागितली आणि खाली लिहायला लागले.  लिहिता लिहिता एकदाच थांबले आणि म्हणाले, “हे तू मला अकराव्या दिवशी सांगायला पाहिजे होतंस.” तेवढंच. त्यांनी टिपक्यांचा विचारही केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त एक फसलेला प्रयोग होता, आणि मला त्या क्षणी ते जगातले सगळ्यांत मोठे माणूस वाटले. हे वाटणं पुढे बरंच कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही.

आत्या मात्र उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी डोळे मिटले.

“चपला?” ती म्हणाली. “त्याच चपला? चाचाच्या मळ्यातल्या?”

“हो.”

“अव पन चपला काहून घातल्या व! एवढी शिकली तू! बाकीचं जाऊ दे, चपला काहून घातल्या!” आणि ती सूप आपटून आत गेली.

चाचांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओळी उपटल्या. नसीम सांगत होती, अब्बा उपटताना वेलींशी बोलत होते. आमच्या मेलेल्या चार वाफ्यांतलं उरलंसुरलं आत्या आणि मी उपटलं. अनवाणी. मधेच ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कोणी विचारलं नसताना म्हणाली, “तुहा आजा गेला तवा मी सव्वीस वर्साची होती. तुहा बाप अमरावतीले शिकून राहिला होता. पाच दिवस मळ्याले पानी कोन देत होतं, सांग बरं?”

 “मग ते टिपके, आत्या?”

“ते तुमच्यासाठी. मी कुठी पाय ठेवते ते मले माहीत होतं. तुमचं मले काय माहीत?” तिनं वेल ओढून काढली. “आन् हे कोनापाशी बोलायचं नाई.”

ती गेल्यावर कित्येक वर्षांनी मी हे लिहिते आहे, तेव्हा बोलल्यासारखं होत नाही असं मी धरते. हल्ली असे नियम ऐकले की लगेच त्यात विज्ञान शोधणारे लोक भेटतात. चपलांचा नियम शहाणपणाचा होता, म्हणून दुसराही शहाणपणाचाच असणार, असं ते हातोहात सिद्ध करतात. मी त्यांना आत्याचं नाव सांगत नाही. नुसतं विचारते, पाणी कोण देत होतं.

नियम तरीही नियम. मेळाव्याच्या सकाळी आत्या तांब्यात गोमूत्र घेऊन मळा शुद्ध करायला निघाली तेव्हा बाबा वही घेऊन तिच्यामागे धावले. “बाई, आठही वाफ्यांत सारखं शिंपड. एकाला कमी, एकाला जास्त नको.”

“किती शिंपडू मंग, मास्तर?”

“वाफ्याला एक ओंजळ.”

वहीत ती नोंद आहे.

मेळावा झाला. मंडप परत जाणार नव्हता. प्रमुख पाहुण्यांना मळा बघायचा होता. आत्यानं त्यांना फाटकाशी अडवलं आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला दोन कार्यकर्ते वाकले. मग बाबा आपल्याच बारा फुटी चेहऱ्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, “हा प्रयोग फसला आहे. यावरून काहीही सिद्ध होत नाही.” कारण सांगताना त्यांनी ‘बाहेरून आलेली माती’ एवढंच सांगितलं, कोणाच्या पायाला ते सांगितलं नाही. मी मंडपाच्या खांबाला धरून उभी होते. भाषणात थोडा खंड पडला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर प्रमुख पाहुणे सिलिकॉनच्या यशावर पाऊण तास बोलले, कारण त्यांचं भाषण आधीच टाइप झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, ‘सिलिकॉनने केली मर रोगावर मात’. सोबत बाबांचा फोटो, ‘नाही, नाही’ म्हणून हात वर केलेला.

आता कुठल्याही कृषी केंद्रात सिलिकॉनच्या बाटल्या मिळतात, बाटलीवर दंड फुगवलेला पैलवान असतो. विद्यार्थी मला विचारतात, मॅडम, यानं फायदा होतो का? भातात, उसात होतो. इतरत्रही होतो, थोडा, जमीन आणि माणूस सांभाळून वागले तर. पैलवानाइतका होत नाही. इतकं सावध उत्तर ऐकायला कोणी वर्गात बसत नाही, हे मला दिसतं.

बाबांनी पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा केला. या वेळी वाफे एकाआड एक. सिलिकॉन कोणाला आणि कोणाला नाही, त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. चर आणखी खोल खणला. फाटकाशी पाय धुवायला टाकं बांधलं आणि आम्हा सगळ्यांना, आत्यालासुद्धा, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत सोडणं बंद केलं. नोंदी पुन्हा माझ्याकडेच होत्या, आणि त्या वर्षी एकही रकाना कोरा नाही. टिपके पडत राहिले, आत्या त्या दिवसांत दुपारी नेमकी बाजारात जात राहिली. श्रावण आणि भादवा असे दोन महिने मी रोज जीव मुठीत धरून बुंध्यांशी वाकत होते. एखादं पान वाऱ्यानं जरी मान टाकल्यासारखं दिसलं तरी मी देठ चिमटून वास घेई. बाबा शाळेतून थेट मळ्यात येत आणि दुरूनच विचारत, “आली?” गफूरचाचा धुऱ्यावर उभे राहून विचारत. अकोल्याचे प्राध्यापक फोन करून विचारत. दसरा झाला, दिवाळी झाली, वही भरली.

त्या वर्षी अख्ख्या तालुक्यात कुठल्याच मळ्यात मर आली नाही.